वाचनकक्ष पाच वाजता बंद होतो

परीक्षा जवळ आल्या की आमच्या ग्रंथालयाचा वास बदलतो. एरवी तिथे जुन्या बांधणीच्या खळीचा आणि डांबरगोळ्यांचा वास असतो, ज्याची मला इतकी सवय झाली आहे की बायकोच्या मते तो आता माझाच आहे. पण ऐप्पसी, म्हणजे तमिळांचा आश्विन-कार्तिक, लागला, दिवाळीचं तेल डोक्यावरून उतरलं, की खोलीत ओल्या छत्र्या येतात. खोबरेल लावलेले ओले केस येतात, त्यांत माळलेली मोगऱ्याची शिळी वेणी येते, झेरॉक्सच्या दुकानातून आत्ताच निघालेले गरम कागद येतात. हे सगळं एकत्र नाकात गेलं की मला कोणी न सांगता कळतं, सेमिस्टर परीक्षा आल्या.

महाराष्ट्रातल्या वाचकांना एक सांगून ठेवायला हवं. तुमच्याकडे दिवाळी म्हणजे पाऊस आटोपून गेलेला असतो. आमच्या तंजावरात तो तेव्हा येतो, आणि आला की मुलीकडच्या पाहुण्यासारखा महिना-दीड महिना हलत नाही. परीक्षाही नेमक्या तेव्हाच. त्यामुळे इथे अभ्यास आणि चिखल या दोन गोष्टी माझ्या मनात वेगळ्या करता येत नाहीत.

आज दुपारी तोच वास आला आणि मला ती ऐप्पसी आठवली. काही वर्षं झाली. त्या हंगामात मला बोलायला सांगितलं होतं.

मी ग्रंथपाल. एका कला आणि विज्ञान महाविद्यालयात सगळी नोकरी गेली. या नोकरीत मी जर काही सातत्याने केलं असेल तर ते म्हणजे लोकांना गप्प बसवणं. तोंडावर बोट ठेवून मान हलवायची माझी एक पद्धत आहे, ती घरीही चालते असा माझा समज होता. तर त्या वर्षी प्रिन्सिपल सारांनी (आमच्याकडे ‘सर’चा ‘सार’ होतो) मला खोलीत बोलावलं. भला माणूस. कुंभकोणमहून रोज गाडीने येत आणि पावसाच्या दिवसांत साडेचारलाच घड्याळाकडे बघायला लागत.

“सार,” ते तमिळमध्ये म्हणाले, “आपली लायब्ररी कुठे दिसत नाही.”

“इथेच आहे सार,” मी म्हणालो. “कँटीनच्या वरती.”

“तसं नाही हो. ऑनलाइन दिसत नाही. कमिटी येणार आहे तपासणीला. त्यांचा पहिला प्रश्न तोच असतो. बाकीच्या कॉलेजांच्या लायब्रऱ्या बघा, ब्लॉग लिहितात, मायक्रोब्लॉग लिहितात. लांब काही सांगायचं ते ब्लॉगवर. थोडक्यात सांगायचं ते मायक्रोब्लॉगवर. रोज एक तरी टाका.”

“काय टाकू सार?”

“तुम्हीच ठरवा. लायब्ररी तुम्ही ना!”

हे वाक्य घेऊन मी बाहेर आलो आणि जिन्यात उभा राहिलो. लायब्ररी मी? मग घरी जाऊन जेवतो तो कोण?

बाहेरच्या माणसाला ही अडचण छोटी वाटेल. पण विचार करा. एक खातं उघडलं, त्यावर महाविद्यालयाच्या ग्रंथालयाचं नाव. आता या नावाने कोण बोलणार? ‘मी’ म्हणावं तर मी एक पोट सुटलेला, चष्मा हरवणारा माणूस. ‘आम्ही’ म्हणावं तर आम्ही कोण? मी, एक सहायक आणि कपाटांतली वाळवी. आणि बोलायचं कुठल्या भाषेत? आमच्या घराण्यात हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. आम्ही तंजावरची मराठी माणसं. घरात मराठी बोलतो, लिहितो तमिळ, नोकरीची कागदपत्रं इंग्रजीत, आणि भांडण रंगलं की कुठल्या भाषेत चाललंय ते भांडणाऱ्यालाही सांगता येत नाही. देवनागरी मला येते ती वडिलांनी लहानपणी फरशीवर खडूने गिरवून घेतली म्हणून. आमच्या मुलीला तीही येत नाही. तिला मराठी पूर्ण समजतं, पण उत्तर तमिळमध्ये येतं.

तर घरी परिषद भरली. बायको, म्हणजे सरोजा, कढईसमोर. मुलगी वैष्णवी चेन्नईहून फोनच्या पडद्यात. आणि मी कागद-पेन घेऊन, पहिली पोस्ट लिहायला.

“‘ग्रंथालय उघडं आहे’ असं लिहितो,” मी म्हणालो.

“अप्पा,” वैष्णवी म्हणाली, “हे कोण लाइक करेल? इडलीचं दुकानसुद्धा असं लिहीत नाही.”

“मग काय लिहू?”

“तुम्हाला काय वाटतं ते लिहा.”

“ग्रंथालयाला काय वाटतं हे मला काय माहीत!”

सरोजा वळली. “अहो, आंबट भाजी निवतें. आधी जेवा, मग ग्रंथालयाला काय वाटतें ते पुसून या.”

पहिली पोस्ट शेवटी मी तमिळमध्ये लिहिली ती एका नव्या पुस्तकाची. वनस्पतिशास्त्राचं होतं. नाव, लेखक, आणि सवयीने पुढे वर्गांकही, म्हणजे पुस्तकाची कपाटातली जागा सांगणारा आकडा, टाकला, दशांशचिन्हासकट. पोस्टखाली वर्गांक लिहिणारा माणूस त्या मायक्रोब्लॉगवर माझ्याआधी कोणी होऊन गेला असेल असं वाटत नाही. मला मात्र त्याशिवाय काही सोडून दिल्यासारखं वाटेना. आमच्यात वर्गांक नसलेली गोष्ट म्हणजे नुसती टेबलावर पडलेली गोष्ट.

अर्ध्या तासात पहिली प्रतिक्रिया आली. मी चष्मा पुसून वाचली.

“सार, उद्या लीव आहे का?”

मला कळेना. मग दुसरी आली, तिसरी आली. सगळ्यांत तेच. वैष्णवीने समजावलं तेव्हा उलगडलं. आमच्या भागातल्या पोरांनी मायक्रोब्लॉगवर खाती उघडलेली असतात ती एकाच कामासाठी. पाऊस धो धो पडत असेल तर कलेक्टर सकाळी शाळा-कॉलेजांना सुट्टी जाहीर करतात, ते बघायला. त्यामुळे तंजावर जिल्ह्यातलं कोणतंही सरकारी दिसणारं खातं बोललं की मुलं आशेने त्याच्याभोवती जमतात. मी बिचारा नेचे आणि शेवाळ्यांबद्दल सांगत होतो, आणि खाली माणसं आभाळाबद्दल विचारत होती. मी प्रत्येकाला उत्तर लिहिलं, “मला ठाऊक नाही.” पुढच्या पंधरवड्यात आमच्या ग्रंथालयाने जगाला सर्वांत जास्त वेळा सांगितलेली गोष्ट ही.

आणि दुसरी वाचक होती आमची अक्का.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिरुवैयारुला असते, नदीच्या बाजूला. नातवाने तिला फोन शिकवला आणि तिने आमच्या ग्रंथालयाचं खातं शोधून काढलं. तिला वाटलं हे माझं खातं. त्यात तिचं काय चुकलं? मलाही तसंच वाटायचं अधूनमधून. प्रत्येक पोस्टखाली ती लिहायची, मराठीतच, पण तमिळ लिपीत, कारण देवनागरी तिलाही येत नाही. नव्या अर्थशास्त्राच्या पुस्तकाखाली: “छान आहे. खोकला गेला की?” संदर्भ विभागाच्या वेळापत्रकाखाली: “जेवलास की? सरोजाला सांग, डांगर पच्चडी करून पाठवतें म्हणून.” तमिळ मुलं ते मोठ्याने वाचून बघत. अक्षरं ओळखीची, भाषा कळेना. एका मुलाने खाली विचारलं, “ही कोणती भाषा, सार?” मी उत्तर दिलं नाही. काय देणार? माझी आहे म्हणू, की ग्रंथालयाची?

प्रिन्सिपल सार मात्र खूश झाले. “दुसऱ्या भाषांतले लोकपण आपल्याला फॉलो करतात सार! हे रिपोर्टमध्ये घाला.” मी मान हलवली. माझ्या थोरल्या बहिणीचा माझ्या खोकल्याबद्दलचा जिव्हाळा असा तपासणी समितीच्या अहवालात गेला.

आता फोटोचं सांगतो, कारण सगळं बिनसलं ते फोटोंमुळे.

आमचा वाचनकक्ष देखणा आहे. हे मी म्हणतो म्हणून नव्हे. लाल घोटीव फरशी, लांबच लांब सागवानी टेबलं, पश्चिमेला पाच उंच खिडक्या. एका पावसाळी दुपारी, कलेक्टरांनी सुट्टी दिलेल्या दिवशी, मी एकटाच तिथे होतो. खुर्च्या मी स्वतः टेबलांत सारल्या होत्या, सगळ्या एका रेषेत. पुस्तकं जागच्या जागी. पाऊस थांबला होता आणि खिडकीतून येणारा उजेड फरशीवर असा पडला होता की कोणी पाणी सांडून पुसायला विसरलंय असं वाटावं. मी फोटो काढला आणि टाकला. वर्गांक नव्हता लिहिला. सुचलाच नाही.

तो फोटो पसरला. कुठे कुठे गेला कोण जाणे. सिंगापूरहून जुनी मुलं लिहायला लागली, दुबईहून लिहायला लागली. लाल बदाम, हात जोडलेले, डोळ्यांत चांदण्या. माझ्या आयुष्यात मला इतक्या लोकांनी एकदम कधी शाबासकी दिली नव्हती. लग्नातसुद्धा अर्धे लोक जेवणाकडे बघत होते. मला चटक लागली. मग मी रोज एक फोटो टाकायला लागलो. रिकामी टेबलं. रांगेतली कपाटं. एकच पुस्तक आणि खिडकी. मुलं यायच्या आधी सकाळी काढायचे, किंवा सगळी गेल्यावर. एखादा पोरगा चौकटीत आलाच तर त्याला हळूच म्हणायचं, “तंबी, बाळा, जरा बाजूला हो.”

आज मला वाटतं, ही चूक फक्त ग्रंथपालच करू शकतो. खानावळवाला फोटो टाकेल तो भरल्या पंगतीचा. शिक्षक टाकेल वर्गाचा. ग्रंथपालाच्या मनातलं सर्वांत सुंदर ग्रंथालय असतं ते असं: एकही पुस्तक बाहेर नाही, एकही खुर्ची वाकडी नाही, एकही माणूस नाही. आम्ही उघडपणे वाचकांसाठी झुरतो आणि वाचक घरी गेल्यावर सुटकेचा श्वास सोडतो. हे सांगायला लाज वाटायला हवी, पण आमच्या धंद्यातला कोणीही हे वाचून हसेल, नाकारणार नाही.

खरी खोली संध्याकाळची वेगळी होती. पाचनंतर, बाकी कॉलेज रिकामं झाल्यावर, तिथे बाहेरगावची मुलं बसत. पापनाशमकडची, ओरत्तनाडुकडची, ज्यांची बस उशिरा. वीस-पंचवीस डोकी, खाली वाकलेली. पंख्याचा आवाज, पानांचा आवाज, मध्येच कोणीतरी पाठ केलेलं पुटपुटतं त्याचा आवाज. फोन पिशवीत ठेवायचे, हा नियम माझा. सात वाजेपर्यंत खोली उघडी असे, परीक्षांच्या दिवसांत.

त्यांत एक मुलगी होती. कोण काय वाचतं, किती वेळ बसतं, हे ग्रंथपालाने कोणाला सांगायचं नसतं, म्हणून तिला आपण सेल्वी म्हणू. पापनाशमच्या पलीकडच्या एका खेड्यातली, अर्थशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला. दोन विषय राहिले होते. आमच्याकडे त्याला अरियर म्हणतात, आणि हा शब्द घरात उच्चारला की चुलीवरचं दूध नासतं. एकदा मी तिला विचारलं, घरी अभ्यास का नाही करत, इतका उशीर होतो. ती म्हणाली, “सार, घर एकच खोली. तिथे टीव्ही आहे, आजोबा आहेत, धाकटी दोघं आहेत. आणि या वेळी अरियर सुटले नाहीत तर अप्पा म्हणतात बास झालं. ओरत्तनाडुचं स्थळ आहे. ते लोक थांबायला तयार नाहीत.”

हे तिने इतक्या साध्या आवाजात सांगितलं की मला वाटलं ती बसच्या वेळेबद्दल बोलते आहे. मग म्हणाली, “इथे दोन तास मिळतात सार. तेवढे पुरतील.” आणि पुस्तकात डोकं घातलं.

तेव्हा मी एक ठरवलं होतं, कुणाला न सांगता. हे दोन तास तिला मिळायला हवेत.

आणि त्याच आठवड्यात प्रिन्सिपल सारांनी पुन्हा बोलावलं. ते फोनवर माझेच फोटो बघत होते.

“अप्रतिम सार. कमिटी खूश होईल. पण मला एक कळलं. तुमच्या लायब्ररीत कोणीच येत नाही.”

“येतात सार. संध्याकाळी भरपूर मुलं असतात.”

“कुठे? दाखवा.”

मी त्यांच्या हातातला फोन घेतला आणि वर सरकवत गेलो. टेबलं. खुर्च्या. खिडकी. कपाटं. एक पुस्तक. पुन्हा टेबलं. एका फोटोत कोपऱ्यात एक कोपर दिसत होतं. मी ते दाखवलं.

“हे कोपर आहे,” ते म्हणाले.

“वाचकाचं आहे सार.”

ते हसले. वाईट नव्हते हसले. “सार, मुद्दा असा आहे. आता लायब्ररी चोवीस तास उघडी आहे, फोनमध्ये. मग संध्याकाळी दोन तास वीज, पंखे, वॉचमनची जास्तीची ड्यूटी कशाला? पाचला बंद करू.”

“एकदा साडेपाचला येऊन बघा सार.”

“साडेपाचला मी कुंभकोणमच्या रस्त्यावर असतो. पावसात पूल बघितलाय ना? तुम्ही फोटो टाका. माणसं असलेला. मग बघू.”

आता आली का पंचाईत! माणसं असलेला फोटो. मी त्या संध्याकाळी फोन घेऊन खोलीत उभा राहिलो तसे सगळे चेहरे आणखी खाली वाकले. पोरींनी ओढण्या तोंडावर घेतल्या. सेल्वी उठून माझ्याजवळ आली. “सार, नको. दादा बघेल. मी सातपर्यंत इथे असते हे घरी नीट माहीत नाही, स्पेशल क्लास सांगितलाय.” बरोबर होतं तिचं. आणि माझा स्वतःचा धर्मही तोच, वाचकाला चव्हाट्यावर आणायचं नाही. पण दाखवलं नाही तर खोली बंद, आणि दाखवलं तर जिच्यासाठी खोली राखायची तीच अडचणीत. मी इतका गोंधळलो की त्या दिवशी जाताना स्वतःची छत्री सोडून दुसऱ्याची घेऊन गेलो.

माणूस न दाखवता माणूस कसा दाखवायचा? उत्तर मला दारातच सापडलं. त्या लाल फरशीवर चपला घालून कोणी जात नाही, ही जुनी पद्धत. बाहेरच्या व्हरांड्यात सगळ्यांच्या चपला. पावसाने भिजलेल्या, चिखलाच्या, एकीवर एक चढलेल्या. मी वाकून फोटो काढला आणि लिहिलं: “आज संध्याकाळी वाचनकक्षात.” फार हुशार वाटलं स्वतःला. घरी जाताना शीळ घातली.

सकाळपर्यंत शंभरावर प्रतिक्रिया होत्या. “सरस्वतीच्या दाराचा फोटो दाखवायचा तर तो चपलांचा?” “शिक्षणसंस्था आहे की चपलांचं दुकान?” “यांत शिस्त कुठे आहे?” एकाने लिहिलं, “तिसऱ्या ओळीतली निळी चप्पल माझी आहे. मागच्या आठवड्यात गेली होती. कोण घालतंय?” त्याच्याखाली मोठी चर्चा. आणि अक्का: “अरे, अनवाणी फिरूनको पावसांत.”

संस्थेच्या वरच्या लोकांचा प्रिन्सिपल सारांना फोन गेला, सारांचा मला आला. फोटो काढून टाकला. दुपारी आदेश मिळाला: सोमवारपासून वाचनकक्ष पाच वाजता बंद.

“नोटीस टाइप करतो सार,” मी म्हणालो. वाद घालायचं त्राण नव्हतं.

“नको, नको. कागद नको. कमिटी पेपरलेस बघते. यापुढे लायब्ररीच्या सगळ्या सूचना फक्त अकाउंटवर. बोर्डावर एक चिटोरं दिसता कामा नये.”

मी शुक्रवारी लिहिलं. “सोमवारपासून वाचनकक्ष संध्याकाळी पाच वाजता बंद होईल. गैरसोयीबद्दल क्षमस्व.” तो शब्द टाकताना मला वाटलं, कोणाची गैरसोय, आणि क्षमा कोण मागतंय?

रडणारे चेहरे आले, ओळीने. सिंगापूर रडलं, दुबई रडलं. “माझं सगळं तारुण्य त्या टेबलांवर गेलं,” असं एकाने लिहिलं. मला तो चांगला आठवतो, ग्रंथालयात एकदाच आला होता, शेवटच्या वर्षी, येणे-बाकी काही नाही याची सही घ्यायला. प्रिन्सिपल सारांनी स्वतः अंगठा उंचावला होता. अक्काने लिहिलं: “बरें झालें. लवकर घरी जा.”

रडणाऱ्यांत एकही संध्याकाळचा नव्हता. मी नावं पुन्हा पुन्हा बघितली. त्या वीस-पंचवीस डोक्यांपैकी कोणी आमचं खातं बघतच नव्हतं. कलेक्टरांचं बघत, ते सकाळी. ग्रंथालयाचं कशाला बघतील? ते ग्रंथालयात बसलेले होते.

रविवारी तिरुवैयारुला गेलो. कावेरीला तांबडं पाणी आलं होतं, घाटाच्या पायऱ्या अर्ध्याहून जास्त बुडाल्या होत्या. अक्का ओसरीवर तांदूळ निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं, सेल्वीचंसुद्धा, नाव न घेता.

“मग तू सांगितलास की, बंद म्हणून?”

“सांगितलं.”

“कोणाला?”

“सगळ्यांना,” मी म्हणालो.

“त्या पोरीला?”

“तिला नाही.”

अक्काने एक खडा काढून अंगणात फेकला. “मग सगळ्यांना म्हणजे कोणाला रे? मला तर कळलें. मी काय करूं पाचला?” आणि ती हसायला लागली. लहानपणी मी गणित चुकल्यावर हसायची तशीच. मी चिडलो, आणि चिडून दोन वाट्या पायसम जास्त खाल्लं. परतीच्या बसमध्ये पोटही जड आणि डोकंही.

नोकरीत शिस्त पाळलेला माणूस आहे मी. आदेश मोडायचा असा विचारही मनात येत नाही; आला तरी वर्गांक कोणता द्यायचा इथे अडकतो. आणि आदेश तर मी पाळला होता. जसा सांगितला तसा, जिथे सांगितला तिथे. पुढे समिती आली, खातं बघितलं, वेळ पाचपर्यंत असल्याचं टिपून घेतलं, इडली-वडा खाऊन गेली. प्रिन्सिपल सार बदलले. खातं आता संगणक विभागाची मुलं चालवतात, त्यावर पक्षी उडतात आणि संगीत वाजतं. वेळ अजून तीच आहे तिथे, पाच. कोणी बदललेली नाही, कारण बदलायला आधी कोणाला तरी कळायला हवं की ती चुकीची आहे. ग्रंथालय नेमकं कुठलं, पाचला बंद होतं ते की दुसरं, हे मला अजून ठामपणे सांगता येत नाही. दोन्हीचा ग्रंथपाल मीच होतो.

सेल्वीचा एक विषय त्या वेळी सुटला. दुसरा एप्रिलात. मधल्या काळात वडील थांबले. का थांबले, ते स्थळच मागे फिरलं की एक विषय सुटल्याने त्यांचं मन वळलं, मला माहीत नाही. विचारलं नाही. आता ती पापनाशमला एका शाळेत शिकवते असं ऐकून आहे.

पण माझ्या मनात तो सोमवार राहिला आहे. पाचचा ठोका पडला. वॉचमन मुरुगेसन किल्ल्यांचा जुडगा घेऊन दारात उभा. चाललेलं त्याच्या कानावर आलं होतं.

“बंद करायचं म्हणतात, सार. पण माझ्याकडे कागद आला नाही.”

“कागद येणार नाही, मुरुगेसन.”

“मग कुलूप कसं लावू? उद्या कोणी विचारलं, कोणाच्या सांगण्यावरून लावलं, तर?” मी नुसतं ‘मी सांगतो, लाव’ म्हणालो असतो तर त्याने लावलं असतं. त्याला ते ठाऊक होतं, मलाही. मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तो खाली जाऊन आपल्या स्टुलावर बसला.

आत सगळी आपापल्या जागी होती. कोणी वर बघितलं नाही. मला पाचनंतर थांबायचं काही कारण नव्हतं. जास्तीची ड्यूटी सहायकाची असे, आणि त्याला मी घरी जा म्हणून सांगितलं होतं. मी काउंटरवर बसलो आणि उगाच तारखेचे शिक्के सारखे करत राहिलो. खिडक्यांतून ऊन आलं होतं. दुपारी जे काय पडायचं ते पडून आभाळ धुऊन निघालं होतं, कँटीनमागच्या शेवग्याची पानं चमकत होती.

सेल्वी पुस्तक बदलायला काउंटरपाशी आली. माझ्याकडे बघितलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

“सार, तुम्ही घरी नाही गेलात?”

“पाऊस आहे ना,” मी म्हणालो.

तिने मान वळवून पाचही खिडक्यांतून बाहेर बघितलं. त्या लख्ख उन्हाकडे ती बराच वेळ बघत होती. तिला ठाऊक होतं की नव्हतं, कोणी तिला ते खातं दाखवलं होतं की नव्हतं, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.

“आमा, हो सार,” ती म्हणाली. “जोराचा आहे. सातच्या आधी काही थांबत नाही.”

आणि जागेवर जाऊन बसली.